डावीकडचा खळगा

वडील गेल्यावर त्यांच्या सायकलची चामड्याची सीट तिने कारागिराकडे नेली.

"तेल मुरवून मऊ करतो, ताई. पण डावीकडे केवढा खळगा! वडील रुसल्यासारखे एका अंगावर बसायचे की काय?"

"छे हो, अगदी ताठ बसायचे."

"मग भिजवून, ठोकून सपाट करतो."

"करा," म्हणत तिने बाहेर येऊन लेकीला आपल्या सायकलवर पुढे बसवलं. अर्ध्या वाटेत पेंगुळलेली लेक तिच्या उजव्या हातावर कलंडली, तशी तोल सावरायला ती आपसूक डावीकडे सरकली.

तिने करकचून ब्रेक दाबला आणि झोपल्या लेकीसकट माघारी आली. कारागिराने हातोडी उचललीच होती.

"थांबा, काका! तो खळगा राहू द्या. मीच पाडलाय तो, झोपेत."