उजेडातलं बाळ

मानमोडीच्या साथीत गोजरबाईची दोन्ही लेकरं एकाच आठवड्यात गेली. त्यानंतर ती मेहकरच्या मिशन दवाखान्यात झाडलोटीला लागली. तिथल्या ओसरीत एका जुन्या विलायती चित्राची मोठी छापील तसबीर होती. अंधाऱ्या खोलीत एक संन्यासी गुडघे टेकून बसलेला, वर ढग फाटून सोनेरी उजेड पडलेला, आणि त्या उजेडातून एक उघडं बाळ हसत त्याच्या पसरलेल्या हातांत उतरत होतं.

नर्स मार्थाबाईंनी एकदा समजावून सांगितलं, "हा मोठा संत होता, गोजरा. यानं जीव तोडून देवाले हाक मारली, म्हणून त्याले बाळदेवाचं दर्शन झालं."

त्या दिवसापासून काम आटोपलं की गोजरबाई तसबिरीसमोर तशीच गुडघे टेकून, हात पसरून बसू लागली. वर्ष सरलं. गुडघ्यांना घट्टे पडले.

शेवटी तिनं विचारलं, "बाई, या बुवाचं लेकरू कवा मेलं होतं?"

"मेलं नव्हतं वं. संन्याशाले कुठलं लेकरू?"

गोजरबाईनं पसरलेले हात हळूहळू पदराखाली घेतले.

"मंग त्याले काऊन देल्लं?"