सोडायला आलेला रस्ता

वेळशेत गावाचं शहर होऊ लागलं, तेव्हा रस्त्यांचे नकाशे कुणी काढलेच नाहीत. मातीत जिवंत बुरशीचा रस्ता पेरला, आणि माणसांची पावलं जिकडे जास्त पडली तिकडे तो आपला आपण वाढत गेला. आज दुपारी फवारा मारून त्याला कायमचं पक्कं करणार होते, आणि तळ्यापलीकडच्या कुंभारवस्तीकडे त्याची एक फांदीही वळली नव्हती.

"चारच घरं तुमची! पावलं येणार कुठून?" फवारणीवाले घाटगेकाका वस्तीतल्या सुगंधाला म्हणाले.

रस्ता नाही म्हणजे बस नाही, आणि बस नाही म्हणजे शाळेसाठी सुगंधाची रवानगी मामाकडे.

शर्वरीने मैत्रिणीचा हात धरला. "चल, तुला घरी सोडते."

हे रोजचंच होतं. शर्वरी सुगंधाला दारापर्यंत सोडायची, मग "एकटी कशी जाशील गं?" म्हणत सुगंधा तिला परत सोडायची, मग पुन्हा शर्वरी, कुणाची तरी आई ओरडेपर्यंत.

तळ्याच्या वळणावर सुगंधा थबकली. "शर्वे, खाली बघ!"

गवताखालून राखाडी, मऊ, कोमट असं काहीतरी सरकत होतं. जांभळाला वळसा घालून, दोघी जिथे हसत रेंगाळायच्या तिथे चांगलं ऐसपैस होऊन, ते थेट सुगंधाच्या उंबऱ्याकडे निघालं होतं.

"काका, फवारू नका! थांबा!" दोघी ओरडल्या.

काका धापा टाकत आले आणि पाहतच राहिले. "अगं, एवढी पावलं कुणाची?"

"आमच्या दोघींचीच!"

रस्ता उंबऱ्याला टेकला. क्षणभर थांबला. मग त्याला शेजारून दुसरी फांदी फुटली आणि ती शर्वरीच्या घराकडे परत निघाली.