मेंढपाळाची जागा

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गॉडफ्रे सरांनी ओटीवरच्या गोठ्याला चुन्याचा शेवटचा हात मारला आणि मुलाला हाक दिली. "रायन, ये. तपास आता."

त्यांच्या उमेळे गावात नाताळाला घरोघर गोठे होतात. मरिया, योसेफ, गाय, मेंढ्या, मेंढपाळ, आणि बाळ येशूची जागा रात्रीपर्यंत मोकळी. सरांनी यंदा मागे अख्खा लडाख उभा केला होता. मातीत बुडवलेल्या गोणपाटाचा काराकोरम, मधून सिंधूची दरी, उजवीकडे अक्साई चीनचं पठार आणि त्याच्याही पलीकडून गेलेला सीमेचा लाल दोरा. सगळं नकाशा समोर ठेवून केलेलं. रायनच्या आईने, प्रिस्काबाईंनी, ताटलीत नाचणी पेरून हिरवळ उगवून घेतली होती. पण थंड वाळवंटात हिरवळ कसली, म्हणून ती स्वयंपाकघरातच पडून राहिली.

सरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. कुणी भारताचा माथा आखूड काढला, की "टोपी घरी विसरला काय रे?" असं विचारून ते मार्क कापत. इथं दोरा सूतभरही चुकला नव्हता.

रायन फौजेत, तिकडेच कुठंतरी. कुठं, ते सांगायची सोय नाही. परवा त्याची रजा संपत होती. तो गेल्यावर डोंगरावर बोट ठेवून 'पोर इथं आहे' म्हणता यावं, एवढ्यासाठी सरांचा हा खटाटोप. ते तसं बोलले नव्हते, पण प्रिस्काबाईंनी ओळखलं होतं. लोकरीची इवलीशी कानटोपी विणून त्यांनी मातीच्या मेंढपाळाला घातली होती.

रायन उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "झकास झालंय, पप्पा."

"झकास राहू दे. बरोबर आहे का?"

मेंढपाळ लाल दोऱ्याला अगदी खेटून उभा होता. रायनने त्याच्यावर बोट ठेवलं. "हा इथं नसतो."

"का? सीमा तिथंच आहे."

"नकाशात आहे. त्या पठारावर ते लोक बसलेत. आम्ही बरेच अलीकडे असतो."

सरांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? दावा आपला, ताबा चीनचा, हे त्यांनी दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. पण आता ते पोटच्या पोराच्या तोंडून ऐकलं. त्यांनी मेंढपाळ उचलून चार बोटं अलीकडे ठेवला.

"इथं?"

रायन नुसता हसला.

"मग इथं?"

"पप्पा, मला सांगता येणार नाही."

"तुझं कोण विचारतंय? मी मेंढपाळाचं विचारतोय."

"त्यालाही सांगता यायचं नाही."

सर मेंढपाळ हातात धरून बसून राहिले. एवढा मोठा लडाख स्वतः बांधलेला, पण त्याला टेकवायला जागा सापडेना.

तेवढ्यात प्रिस्काबाई नाचणीची ताटली घेऊन बाहेर आल्या. "आना तो इकडे." त्यांनी ताटली सरळ गोठ्यात, दिव्याखाली ठेवली आणि मेंढपाळाला त्या हिरवळीत गाईशेजारी उभा केला. "राहू दे इकडेच. परवापर्यंत तरी तो कुठं हाय ते मला ठाऊक हाय. कोनाला विचारायला नको."

मग रायनने हळूच विचारलं, "किती मार्क कापणार, पप्पा?"

सरांनी चष्मा पुसून पाहिलं. जागा शेकडो किलोमीटर चुकलेली, वर थंड वाळवंटात हिरवीगार नाचणी. त्यांनी वाकून मेंढपाळाची कलंडलेली कानटोपी दोन्ही कानांवर नीट ओढून बसवली.

"टोपी आहे ना डोक्यावर," सर म्हणाले. "मग पैकीच्या पैकी."