बाद झालेला ऑप्शन

राहात्याच्या एका दूध डेअरीत बिलं काढायचा प्रोग्राम काळ्या पडद्यावर, एकेक कमांड टाइप करून चालायचा. दर अपडेटला एखादा जुना ऑप्शन बाद व्हायचा, बिलं अडकायची, आणि त्याच्या जागी नवं काय टाकायचं ते फक्त अजिनाथला ठाऊक. दुधाला रविवार नसतो, त्यामुळे त्यालाही सुट्टी नाही. बायको बाळंतपणाला कर्जतला माहेरी गेली, पोर झाली, पोरीला दात आले, तरी बापानं तिला मोबाईलवरच पाहिलेलं.

शेवटी त्यानं शेजारच्या टेबलावरच्या रूपालीला सगळं शिकवलं. काल नवं अपडेट आलं, जुना ऑप्शन चालेना, तेव्हा तिनं एकटीनं मार्ग काढून बिलं छापली.

"भाऊ, आता बिनघोर जा तुमी," ती हसून म्हणाली.

साहेबांनीही आज लगेच पंधरा दिवसांची सुट्टी दिली. दारातूनच अजिनाथनं बायकोला फोन लावला, "निघालो गं!"

तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "रूपालीताई, पुढच्या आठवड्यात तुमच्या भावाचं लग्न हाय ना? ती सुट्टी आता रद्द. हे तुमच्याशिवाय येतंय कुणाला?"