जसिंताचं दुसरं कन्फेशन

शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर जसिंता चाकणहून थेट काळेवाडीच्या चर्चमध्ये कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला आली. बाकांवर अजून कुणीच नव्हतं. फादर ज्यामागे बसतात त्या जाळीपाशी ती गुडघे टेकून बसली.

"फादर, मला आशीर्वाद द्या..."

"परत आलात?" जाळीपलीकडून फादर म्हणाले. "आत्ताच तर पापक्षमा घेऊन गेलात."

"मी आत्ता येतेय, फादर."

"आवाज तुमचाच होता."

जसिंता गोंधळली. तिची पापं नेहमीचीच होती. ओव्हरटाइममुळे चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा चुकली होती, सासूला ती उलटून बोलली होती.

"मग मी काय कबूल केलं?"

"कन्फेशनमधलं मी कुणालाच सांगू शकत नाही. तुम्हालासुद्धा नाही."

तिने आपली पापं घाईघाईने सांगून टाकली आणि क्षमेचे शब्द ऐकायला मान खाली घातली.

"कन्फेशन संपल्यावर, जाताना तुमच्याआधीच्या बाईंनी एक विनंती केली होती," क्षमेऐवजी फादर म्हणाले. "'माझ्यामागून एक बाई येईल. ती माझ्याच आवाजात बोलेल. तिला क्षमा देऊ नका.'"

मीच जसिंता, असं तिला म्हणायचं होतं. पण स्वतःचा आवाज ऐकायची तिला भीती वाटू लागली.