शर्टाचं शेपूट

वेंडलचा उजवा हात दोराकडे जायलाच तयार नव्हता.

तो जमिनीपासून पंधरा फुटांवर, ओकच्या खोडाला मिठी मारून उभा होता. कमरेची झोळी, म्हणजे इथले शिकारी जिला सॅडल म्हणतात ती, नीट आवळलेली होती. तिचा एक दोर खोडाभोवती फिरून पुन्हा कमरेला अडकला होता. दुसरा दोर त्याने आत्ताच आडव्या फांदीच्या वर बांधला होता. आता पहिला सोडायचा आणि दुसऱ्यावर भार टाकून मागे रेलायचं, एवढंच राहिलं होतं. घरामागच्या मेपलवर त्याने हे चाळीस वेळा केलं होतं. तिथे पाय जमिनीपासून दोन फूट वर असायचे. दोन फुटांवर कोणीही शूर असतो.

खाली पानांवर त्याचं धनुष्य पडलं होतं. आधी माणसाने वर जायचं, दोरावर स्थिर व्हायचं आणि मग सुतळीने धनुष्य ओढून घ्यायचं, अशी रीत. सुतळीचं वरचं टोक वेंडलच्या कमरेला होतं. खालची, धनुष्याचा दांडा आणि प्रत्यंचा एकत्र आवळणारी गाठ दुपारी त्याच्या सासऱ्याने, मर्लने, स्वतः मारून दिली होती. वेंडलला ती अजून जमत नव्हती. झोळीही मर्लनेच घेऊन दिलेली. तीन वर्षांपूर्वी मर्लचा मुलगा कर्टिस पेनसिल्व्हेनियाच्या याच डोंगरात झाडावरून पडून गेला. तो उघड्या फळीवर बसायचा आणि दोर बांधणाऱ्यांची टर उडवायचा. "यापुढे बांधून घेतल्याशिवाय माझ्या घरातलं कोणी झाडावर चढणार नाही," असं मर्लने मुलाला पुरलं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

वेंडलने खाली पाहिलं. पाहायला नको होतं. कर्टिस सापडला तिथेही अशीच तपकिरी पानं होती, आणि त्याला उचलणाऱ्या चौघांत वेंडल होता. त्याचे गुडघे लटलटू लागले. त्या थरथरीने पायाखालची, पट्ट्यांनी आवळलेली पायरी खडखडायला लागली. ती वाजते म्हणून तो आणखी घाबरला, आणि तो घाबरला म्हणून ती आणखी वाजली. दोन्ही दोर त्याला धरून होते. पडणं शक्यच नव्हतं. हे त्याच्या डोक्याला कळत होतं, पण हातांना कोण सांगणार?

तासभर गेला असेल. ऊन डोंगराच्या माथ्यावर सरकलं. बोटं बधिर झाली.

मग हरणाचा नर आला. आठ टोकांच्या शिंगांचा, गळ्याशी भरलेला. सावकाश चालत तो थेट झाडाखाली आला, मान खाली घातली आणि त्याने वेंडलचं धनुष्य हुंगलं. दीड वर्ष वेंडल गवताच्या पेंढीवर बाण मारायला शिकत होता तो याच हरणासाठी. त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे हरीण नव्हतंच, फक्त ती पानं होती.

तो खाली कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाय जमिनीला लागले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला उलटी झाली. मग तोंड पुसून त्याने भात्यातला एक बाण काढला आणि ओढ्यात भिरकावला. भित्रा म्हणून घ्यायचं, त्यापेक्षा नेम चुकलेला बरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुतळीसकट धनुष्य खांद्यावर टाकून तो शिकारीच्या खोपटाकडे निघाला.

"चुकला," तो दारातूनच म्हणाला. "आठ टोकांचा होता. वीस पावलांवर."

मर्लचा जुना सोबती हॉबर्ट चुलीशी बसून बिटाच्या पाण्यात मुरवलेली अंडी खात होता. त्याने टेबलावर थाप मारली. "वीस पावलांवर? अरे, वीस पावलांवर माझी सासू अंडं फेकून हरीण पाडेल! मर्ल, कात्री काढ. जावईबापूंचं शेपूट कापायचंय!"

नेम चुकला की शर्टाची मागची बाजू कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ते शेपूट भिंतीवर ठोकायचं. साठ वर्षांच्या चिंध्यांनी ती भिंत भरली होती. मर्लने कात्री चालवली. हॉबर्टने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, खिळा ठोकला आणि पोट धरून हसला. वेंडलही हसला. मर्ल हसला नाही; तो वेंडलच्या धनुष्याकडे पाहत होता.

हॉबर्ट लाकडं आणायला बाहेर गेला. मर्लने जावयाचं धनुष्य मांडीवर घेतलं आणि सुतळीची गाठ दिव्याजवळ धरली. तिच्यात ओलं पान अडकलं होतं.

"ही गाठ माझी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "दुपारी मारली ती. कोणी सोडलेलीच नाही."

गाठ न सोडता बाण मारता येत नाही, हे तिथे दोघांनाही ठाऊक होतं. "पॉप, मी तुम्हाला सांगणारच..."

म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. नखाने उकलत उकलत गाठ सोडली, सुतळी गुंडाळली, पान चुलीत टाकलं. मग हनुवटीने भिंत दाखवली.

"बघ शोधून. कर्टिसचं एकही शेपूट नाही तिथे. माझ्या पोराचा नेम कधी चुकला नाही, आणि तो कधी घाबरलाही नाही, दोर बांधण्यापुरताही."

बाहेर हॉबर्टची पावलं वाजली. मर्लने सुतळी वेंडलच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातांनी मिटली.

"तू दरवर्षी एक शेपूट टांगत जा, पोरा."