खिडकीकडची बाजू

“चाचा, जुन्या सीटमधून भूत निघतं का हो?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच!

गफूरचाचा हसले. “भूत नै बेटी, उंदीर निकलते.”

उद्या मंद्रूपचं गिऱ्हाईक गाडी विकत घ्यायला येणार, म्हणून पप्पांनी आमची जुनी मारुती सीटा दुरुस्त करायला चाचांच्या दुकानात लावली होती. माझे आजोबा, अण्णा, गेल्या उन्हाळ्यात वारले. गाडी होटगी रोडला लागली की ते पुढच्या सीटवर खिडकीकडं कलून झोपायचे. त्या बाजूला मोठा खड्डाच पडला होता.

चाचांनी जुना फोम फेकला, नवा घातला, वरून रेक्झिन ताणून बसवलं. सीट एकदम पाटासारखी सपाट झाली.

मग ती आमच्यादेखत हळूहळू दबली. खिडकीच्या बाजूनं. शिवणीतून हवा सुटली, दमलेलं माणूस टेकल्यावर सोडतं तशी.

चाचांनी रेक्झिन सैल करून फोम वर ओढला. तो पुन्हा दबला. चाचांनी हात मागं घेतला.

मी मात्र हात ठेवला. सीट ऊबदार होती, आणि संथ वर-खाली होत होती.

तेवढ्यात आई-पप्पा गाडी न्यायला आले.

“गाडी विकायची न्हाई, मी ठरवलंय,” मी म्हणाले. “आणि हळू बोला की. अण्णांचा डोळा लागलाय.”